बोट कशात गेलं

प्रिय नैना,

तू पोचल्याचा मेसेज आला. आईने दिलेले बेसनाचे लाडू फ्रीजमध्ये ठेवू नकोस, दगड होतात. पत्र बघून हसशील. पण फोनवर माझी जीभ फार सफाईने चालते, आणि आज नेमकं तेच नकोय.

शनिवारी इथल्या ट्रॉयच्या लायब्ररीत तू अनुवादक म्हणून त्या तीन स्पॅनिश लेखकांची ओळख करून दिलीस, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. मला वाटलं, तिघंही प्रोफेसर निघणार. तू सांगत गेलीस. हे गृहस्थ बावीस वर्षं ट्रक चालवायचे. ही मोरोक्कोहून आलेल्या आईबापांची मुलगी, अजून हॉस्पिटलात नर्स आहे. आणि या पिलारबाई, चौदाव्या वर्षापासून मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात. मशीनचं बेअरिंग बिघडायला लागलं की मला शेजारच्या शेडमधून ऐकू येतं, तुला ठाऊक आहे. मग ते तिघं स्वतः बोलले, तर त्यांच्या आवाजात कुठेही संकोचाची खरखर नव्हती. आपल्या महाराष्ट्र मंडळात पाहुण्यांची ओळख म्हणजे आधी डिग्री, मग कंपनी, मग मुलांचं कॉलेज. इथे डिग्रीचं कुणी नावच काढेना.

मग कुणीतरी तुलाच विचारलं, तुझं काय? तू म्हणालीस, माझे बाबा नागपूरचे इंजिनीअर, शब्द मायक्रॉनमध्ये मोजायला त्यांनी शिकवलं. टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कारसुद्धा केला, बघ.

नंतर चहाच्या टेबलापाशी पिलारबाईंनी माझा उजवा हात हातात घेतला तो सोडेचनात. तर्जनीचं टोक नाही तिथे त्यांनी अंगठा फिरवला आणि स्वतःची करंगळी दाखवली. तीही अर्धीच. तू म्हणालीस, “बाबा, त्या विचारतायत, कुठल्या मशीनमध्ये गेलं?” मी म्हणालो, “मशीन कसलं, गाडीच्या दारात!” तू लहान असताना तुला सांगितलं होतं तेच. तू ते स्पॅनिशमध्ये सांगितलंस. त्यांनी हळूच मान हलवली आणि हात सोडला. माझं खोटं तुझ्या तोंडून इतकं स्वच्छ निघालं, की मला तुझ्याकडे बघवेना.

नैना, मी इंजिनीअर नाही. आयटीआयचा टर्नर. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत नऊ वर्षं लोखंड कातायच्या लेथ मशीनवर उभा होतो. तुझ्या आत्याने व्हिसाचे कागद केले म्हणून इथे परदेशात आलो, तर इथेही लेथच. पुढे स्वतःचं मशीन शॉप काढलं, तेवढाच भाग तुला पाठ आहे. मंडळाच्या पहिल्या गणपतीला परीक्षितकाकांनी विचारलं, “तुम्ही पण इंजिनीअरच ना?” भोवती सगळे पुण्याचे बी.ई. मी नुसता हसलो. ते हसू सव्वीस वर्षं टिकवलं, तुझ्या आईलाही टिकवायला लावलं.

शुक्रवारी पिलारबाईंच्या पुस्तकाचा तुझा अनुवाद छापायला जातोय. शेवटच्या पानावरच्या तुझ्या ओळखीत ‘इंजिनीअर वडिलांची मुलगी’ असं आहे. तू फोनवर वाचून दाखवलंस तेव्हा मी ‘छान’ म्हणालो होतो. तो शब्द काढ, टर्नर घाल. त्यासाठीच हे आजच्या आज कुरिअरने पाठवतोय. रागाव खुशाल, पण आधी ती ओळ बदल. आणि पिलारबाईंना त्यांच्या भाषेत कळव, लेथ होता. चालू मशीनवर हातमोजा घालून फिरता लोखंडी जॉब पुसायला गेलो, हातमोज्यासकट बोट ओढलं गेलं. चूक माझीच होती.

तुझाच,
टर्नर बाबा