गाडी सरळ उभी आहे

सोमवार, ६ ऑक्टोबर १९५८

आला! सिनेमा आला! रिळांचे डबे दुपारच्या बसने आले, सही मीच केली. थिएटरच्या मालकांना, पीवीसाहेबांना एवढी घाई, की शिडी लावून थिएटरच्या पाटीवर स्वतःच अक्षरं चढवत बसले. गुरुवार ते शनिवार, रोज दुपारी दोनला. तिकिटांच्या खिडकीत मी एकटी. मेले आता!

गेल्या वर्षी पानगळीत ती सिनेमावाली मंडळी तीन आठवडे आमच्या घाटात गाड्या पळवत होती. हातभट्टीची दारू डोंगरातून शहरात नेणारा एक हिरो, आणि त्याच्या मागे अबकारीवाले. म्हणजे आमचंच गाव. आता स्वतःलाच बघायला सगळे तिकीट काढून येणार.

नवऱ्याला, व्हर्लिनला सांगितलं तर म्हणाला, "मला नाही बघायचं. चौदा महिने डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं." तुरुंगातले चौदा महिने. परत सापडला तर पाच वर्षं, जज्जाने तोंडावर सांगितलंय.

पण सापडेल कशाला? जुलैपासून सगळं बंद. बायबलवर हात ठेवून बोललाय. मग माझ्या जिवाला चैन का नाही?

मंगळवार, ७

दूध काढायला गोठ्यात गेले की आधी गाडीकडे बघते, मग गाईकडे. सवयच लागली आहे. ताडपत्री घालून जुलैपासून तिथेच उभी आहे, अगदी सरळ. देवाची कृपा.

कागदावरच लिहितेय म्हणून लिहिते. साध्या गाडीत दारूच्या शंभर बरण्या भरल्या की ती मागून खाली बसते, आणि अबकारीवाल्याला मैलभरावरून कळतं. म्हणून आमची माणसं मागे स्प्रिंगचे जाडजूड पाटे बसवतात. मग भरलेली गाडी सरळ चालते. रिकामी झाली की मात्र शेपूट वीतभर वर! लग्नानंतर चार वर्षं आमच्या अंगणात ते वर केलेलं शेपूट बघत होते मी. जुलैत व्हर्लिनने ते पाटे काढून साधे घातले. जुने कुंपणाला टेकवून ठेवलेत, गंजताहेत. गंजू देत.

डिकीची किल्ली तेवढी हरवली आहे त्याच्याकडून. शोधायची काही गरज नाही म्हणतो.

गुरुवार, ९

हसून हसून बरगड्या दुखताहेत.

थिएटर खच्चून भरलं. हिरो दीडशे बरण्या भरून निघतो, मागे बंदुका, पुढे खोल दरी. आणि गाडीचं शेपूट हे एवढं आकाशात! मग अंधारात होबार्टकाकाचा आवाज. "अरे रिकामी आहे रे ती! रिकामी गाडी घेऊन पळतोय येडा!" झालं! बायका टोप्या तोंडावर धरून हसत होत्या. काका गेल्या वर्षी त्या दिग्दर्शकाला सांगायला गेला होता, "साहेब, आत काहीतरी वजन ठेवा." त्याने हाकलून दिलं होतं. आज काकाने त्याचा वचपा काढला.

तिकिटं मोजून झाल्यावर मी मागे उभी राहून बघत होते, तेव्हा दिसला. अबकारीचा ग्रिंडल. पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून बसलेला. सिनेमा बघतच नव्हता तो. आमची तोंडं बघत होता!

शुक्रवार, १०

आजही तिथेच बसला होता. पाठ पडद्याकडे.

व्हर्लिनला लाकडाच्या कारखान्यात सगळे चिडवताहेत. "तुझ्यावरचा सिनेमा आणि तूच नाहीस?" म्हणून आता उद्या येतो म्हणतो. जेवताना त्याचा हात धरला. ताक सांडलं.

म्हटलं, "ये. पण त्या गाडीच्या जागी हसू नकोस. ग्रिंडल बघतोय कोणाला कळतंय ते."

"अख्खं गाव हसतंय की."

"गावाला पाच वर्षं नाही होणार. माझ्यासाठी. तेवढं ऐक."

"बरं बाई," म्हणाला. हसला नाही. मला वाटलं होतं, चिडवेल जरा.

शनिवार, ११

ऐकलं त्याने! ती गाडी आली, होबार्टकाका तिसऱ्या दिवशीही तेच ओरडला, आणि थिएटर कोसळलं. पाद्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी. शाळेतल्या बाई खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत होत्या. आणि माझा व्हर्लिन दगडासारखा. ओठसुद्धा हलला नाही. इतका अभिमान वाटला मला!

बसने घरी येताना मी एकटीच बडबडत होते. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

रविवार, १२

प्रार्थनेत लक्ष नव्हतं. दुपारी सफरचंदं शिजवायला ठेवली, तळाला लागली.

सोमवार, १३



खेळ नव्हता. खिडकीची काच पुसत होते. ग्रिंडल आला, टोपी काढली, उगाच हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "बाई, मी तीन दिवस मोजत होतो. पाद्री हसला, शाळामास्तरीण हसली. शेवटी मीसुद्धा हसलो. या गावात त्या गाडीला कोण हसणार नाही? एकच माणूस हसला नाही."

म्हणजे त्याला गोत्यात आणलं मीच! मी सांगितलं म्हणून!

खरं सांगावं तरी पंचाईत. मग रागच आला मला. किती दिवस या माणसाला घाबरायचं? नवरा सुधारला तरी मान खाली घालूनच चालायचं का? म्हटलं, "त्याने सगळं सोडलंय. पाटेही काढलेत. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, गाडी तीन महिने गोठ्यात सरळ उभी आहे!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सरळ उभी आहे?"

"पट्टीसारखी!"

"उद्या नऊला येतो," म्हणाला आणि टोपी घातली. चेहऱ्यावर कीव होती, असं मला उगाच वाटलं.

रात्रीच्या जेवणाला व्हर्लिनला सगळं सांगितलं, छाती पुढे काढून. येऊ दे एकदा, बघू दे, कायमची कटकट जाईल! तो मक्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. तो खाली ठेवला.

"तूच बोलावलंस?"

"मग! लपवायचंय काय आपल्याला?"

"बरं केलंस," म्हणाला. उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं कधी करत नाही तो. आता आडवा झालाय, पण जागा आहे. मलाही झोप नाही.

मंगळवार, १४. सकाळचे आठ

शेपूट वर आहे.

ते पाटे काढलेच नव्हते. भरलेली होती म्हणून सरळ उभी होती. तीन महिने! आणि मी रोज सकाळी देवाचे आभार मानत होते. मी! जिला हे सगळं येतं! कुंपणाला टेकवलेले ते गंजके पाटे कुठल्या गाडीचे, कोण जाणे.

माझा डोळा लागल्यावर गाडी रिकामी करून व्हर्लिन पहाटे आला. गुडघ्यापर्यंत चिखल. "शेवटची खेप होती, ऑर्फा. जुलैपासून पडून होती. बायबलवर हात ठेवल्यावर नेववेना, आणि ओतून टाकायलाही हात धजेना." पाटे काढायला दोन माणसं आणि अख्खा दिवस लागतो. ग्रिंडलला यायला तास राहिलाय.

तो डिकीवर चढून बसलाय. एका माणसाच्या वजनाने काय होणार!

मीही चढून त्याच्या शेजारी बसलेय. इथेच लिहितेय. शेपूट दोन बोटं खाली आलं असेल.