स्मशानाच्या वाटेचा ठराव

आबा, परवा ग्रामसभेला गेले होते. मुरगूडच्या अलीकडं आपलं गाव, तीच शाळेची खोली. लहानपणी तुम्ही मला तिथं न्यायचा. आपल्या वस्तीतली माणसं दाराशीच टेकायची आणि तुम्ही मला पुढं ढकलायचा, "पुढं बस. चपला राखायला आलो न्हाई आपण." परवाही मी पुढंच बसले. सोबत वस्तीतली चार म्हातारी डोकी; पोरं सगळी कागलला कारखान्यात.

आपल्या स्मशानाची वाट मोडून तिथं प्लॉट पाडायचे चाललेत. तुम्हाला, आईला त्याच वाटेनं नेलं. उद्या आम्हाला कुठनं न्यायचं? ग्रामसेवक म्हणाले, "वाट राहावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा." इथंच आमची पंचाईत. माझा खांदा आखडलेला, वेणी घालायलासुद्धा सून लागते; बाकीच्यांचीही तीच गत. ग्रामसेवक मान उंचावून बघतात, "आजी, नीट वर करा की! दिसला न्हाई तर धरायचा कसा?" दारातनं प्लॉटवाल्यांचा एकजण हसला, "वर जायची वेळ आली, अन् हात वर जाईना व्हय!" शेजारची आक्का कडाडली, "तुझ्या कानाखाली वाजवायला जातोय बघ, ये हिकडं!"

तेवढ्यात माझ्या कोपराखाली कुणीतरी हात घातला. गार, खरखरीत. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी. तुमची गुऱ्हाळाच्या चरकात गेली होती, तेवढीच. हात सावकाश वर गेला, जरासुद्धा दुखला नाही. बघते तर आक्काचाही वर, पलीकडच्या तिघांचेही. मोजणी झाली, एका हातानं वाट राहिली.

बाहेर आक्का दंड चोळत म्हणाली, "माझी आई धरायची तसंच धरलं गं कुणीतरी. मागं तर सतरंजी मोकळी हुती." मी म्हटलं, "ऊन लागलंय तुला, चल."

ही अक्षरं मी तुमच्या माघारी, लेकरांच्या पाटीवर गिरवून शिकले, म्हणून वाकडी आहेत. पत्र पत्र्याच्या पेटीत राहील. तुमच्याकडं पोचतं करायला कुणाला सांगू?

एक मात्र आक्कालाही बोलले नाही. ठराव झाल्यावर सगळ्यांचे हात खाली आले, माझा तुम्ही सोडेनात. धरून हळूहळू मागं ओढत होता. लोकांना वाटलं, म्हातारीला आनंद झालाय. मी हिसडा देऊन सोडवून घेतला, आबा. वस्तीच्या पाण्याच्या टाकीचा ठराव अजून यायचाय.