इंजिनातला गाळ

१२ मार्च

चि. छोट्यास, ताईचे अ. उ. आ.

फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि मागे दुकानातलं गिऱ्हाईक ओरडत असतं, म्हणून लिहायला बसले. बाबांची पिकअप बसली. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी आपल्या लॉन्ड्रीतून हॉस्पिटलच्या चादरी भरून निघाले होते. पुलाच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत आतून खडखड झाली आणि इंजिन जाम. ऑपरेशनच्या चादरी दोन तास उशिरा पोचल्या. पेशंटला वर्तमानपत्रावर निजवायचं का, असं मेट्रनबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

तो राग मिस्त्रीकाकांवर निघाला. आठवड्यापूर्वीच त्यांनी ऑइल बदलून दिलं होतं. गॅरेजात चार माणसं होती, त्यांच्यासमोर मी म्हणाले, "काका, आता हात थकले तुमचे. कुणाचा जीव जाण्याआधी घरी बसा." ते हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

तू दहा वर्षं गाड्यांच्या सामानात काढलीस. मी चुकले का, ते सांग. आणि हो, तू इथे असताना गाडी एवढी चकचकीत पुसलीस, की शेजारीण विचारते, भाऊ परत कधी येणार? तिच्याही खिडक्या पुसायच्या आहेत म्हणे.

लोभात कपात नको.
तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाईट वाटलं. जुनं इंजिन आहे, कधी ना कधी हे व्हायचंच होतं. काकांचंही वय झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस. इथे कामाची गडबड आहे, सविस्तर नंतर लिहितो.

शेजारणीला सांग, खिडक्यांची मजुरी परवडणार नाही.

तुझा,
छोट्या

३ एप्रिल

चि. छोट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र की तार? चार ओळींत गुंडाळलंस. मला तुझा आधार हवा होता, तू वयाचं कारण पुढे केलंस.

नव्या मेकॅनिकने इंजिन खोललं. तळाशी ऑइल ओढून घेणारी जाळी असते, ती काळ्या गाळाने गच्च भरली होती. वर्षानुवर्षांचा गाळ एकदम सुटून तिथे जाऊन बसला, वर ऑइल चढलंच नाही. इंजिन साफ करायचं औषध कुणी घातलं होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काकांशिवाय या गाडीला सतरा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. म्हणजे त्यांनीच घातलं असणार आणि विसरले असणार.

काका परवा येऊन गेले. बाबांनी त्यांच्याकडे ठेवलेली गाडीची दुसरी किल्ली परत द्यायला आले होते. आत या म्हटलं, आले नाहीत. दारातच मी औषधाचं विचारलं. औषध घातल्याचं त्यांना आठवत नाही, पण न आठवणं हाच तर रोग, असं पुटपुटले. गॅरेजचं शटर खाली आहे. माझं काही चुकलेलं नाही, तरी त्या दिवसापासून इस्त्री करताना हात थांबतो.

तब्येतीला जप.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला तोंड नाही, म्हणून लिहितो. औषध मी घातलं.

निघायच्या दिवशी सकाळी तू बॉयलर पेटवत होतीस, तेव्हा दुकानातून आणलेला डबा मी इंजिनात ओतला. पंधरा मिनिटं इंजिन उभ्या जागी चालू ठेवायचं, मग ते सगळं ऑइल काढून टाकायचं आणि नवं भरायचं, हे डब्यावर लिहिलंय. मी स्वतः गिऱ्हाइकांना रोज तेच सांगतो. पण भरायला नवं ऑइल आणलं नव्हतं, बसची वेळ झाली होती, म्हणून जुनं काढलंच नाही. काकांनी नुकतंच नवं ऑइल घातलंय, राहिलं थोडं औषध आत तर काय बिघडतं, अशी स्वतःची समजूत घातली. तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस. एवढ्यासाठी गप्प बसलो.

का केलं, तेही सांगतो. बाबांनी मला काकांकडे शिकायला ठेवलं होतं. चार महिन्यांत काका म्हणाले होते, याला हत्यारापेक्षा काउंटर बरा. त्यांनी ते खरंच माझ्या भल्यासाठी सांगितलं होतं. पण मला दाखवायचं होतं, की सतरा वर्षांत त्यांना जमलं नाही ते मी एका सकाळी केलं. गाडी लोण्यासारखी चालते, असं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

तुझं पहिलं पत्र वाचताच मला कळलं होतं. तरी मी काकांच्या वयाबद्दल ते वाक्य लिहिलं. डबा चुकून ओतला असं म्हणता येईल, पण ते वाक्य मी विचार करून लिहिलं. त्याची मला जास्त लाज वाटते.

आशीर्वाद मागायची हिंमत होत नाही.
छोट्या

१७ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ते घेऊन मी काकांकडे गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. काका खिडकीशी बसले होते. हत्यारं त्यांनी देऊन टाकलीत. सुनेने दारातच हळू आवाजात सांगितलं, की महिनाभर ते गॅस बंद आहे का हे दहा-दहा वेळा बघतात, एकटे बाहेर जात नाहीत, डॉक्टरांकडे न्या म्हणून स्वतःच मागे लागलेत. रस्ता ओलांडताना नातीचा हात धरायचं त्यांनी सोडलं, आपला भरवसा नाही म्हणून.

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. तुझं आणि माझंही. माझं कमी नाही. तू निदान बस गाठायच्या घाईत होतास. मी गॅरेजात निवांत उभी राहून बोलले होते.

वाटलं, चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, औषध घालून गाडी तीन दिवस तशीच चालली का? मी हो म्हटलं. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

मी म्हटलं, नाही विसरलात. त्यांचे डोळे कोरडे होते, मलाच माझे पुसावे लागले. मग ते उठले आणि म्हणाले, "हे जरा आत येऊन सुनेलाही सांगशील?"

मी आत जाऊन सांगितलं. गॅरेजातल्या त्या चौघांनाही काल घरोघरी जाऊन सांगितलं, पण माझ्यापुरतं: दोष काकांचा नव्हता, मी चुकीचं बोलले. तुझ्या वाटचं त्यांना मी सांगणार नाही, ते तू सांग. रविवारी ये. मी बसवर घ्यायला येणार नाही. सरळ काकांच्या दारात जा.

ताई