उत्तरपत्रिकेतल्या हिरव्या खुणा

तीर्थरूप काकांस,

घाबरलेल्या पुतणीचा वाकून नमस्कार. (पत्रातून वाकता येत नाही हे कळतं मला, पण हल्ली मी कोणाही मोठ्या माणसापुढे आपोआप वाकते. कारण पुढे येईलच.) तुमचा खोकला कमी झाला का? काकूंचा गुडघा कसा आहे? शेजारच्या झेरॉक्सवाल्याने तुमच्या घड्याळाच्या दुकानासमोर टाकलेलं फळकूट काढलं, की अजून उडी मारूनच आत जाता? इकडे आम्ही सगळे मजेत. मला झोप छान लागते, जेवणही जातं. काळजी करण्यासारखं काहीही नाही, म्हणूनच हे पत्र जरा लांब होणार आहे.

तर झालं असं. साहेबांच्या हिशेब तपासणीच्या ऑफिसात (दोन खोल्या, अकरा कपाटं, आणि कपाटांमधून अंग चोरून जाण्यापुरती वाट) मी तीन वर्षं उमेदवारी करते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथला पहिला नियम असा, की तपासलेल्या प्रत्येक आकड्यापुढे हिरव्या पेनाने खूण करायची. बेरीज तपासली तर साधी खूण, पावती डोळ्यांनी पाहिली तर खुणेभोवती गोल, शंका असली तर समासात प्रश्न, आणि पान संपलं की खाली आपली छोटी सही, तारखेसकट. खूण नाही म्हणजे तपासलंच नाही, असं साहेबांचं म्हणणं. पहिल्याच महिन्यात मी एक अख्खं रजिस्टर तपासलं आणि खुणा करायला विसरले. साहेब रागावले नाहीत. त्यांनी ते उचलून माझ्यापुढे ठेवलं, पहिलं पान उघडून दिलं आणि स्वतः डबा खायला गेले. तेव्हापासून माझा हात माझा राहिलेला नाही.

घरीसुद्धा तेच. आईच्या औषधांची चिठ्ठी मी तपासली, खुणा केल्या, खाली सही ठोकली. औषधवाल्याने विचारलं की ही दुसरी डॉक्टर कोण. मागे वरची खोली भाड्याने द्यायची होती, तेव्हा एका गृहस्थाने स्वतःची माहिती कागदावर लिहून पाठवली. नाव, नोकरी, मागच्या घरमालकाचा पत्ता, यांपुढे मी खुणा केल्या, आणि ‘स्वभाव शांत’ यापुढे ‘पुरावा पाहिला नाही’ असं लिहिलं. आईने चुकून तोच कागद त्याला परत दिला. तो शेजाऱ्यांकडे राहायला गेला. (स्वभाव शांत नाही. भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं. पण माझं म्हणणं बरोबर निघालं याचा आता काय उपयोग?)

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण लेखापालाच्या शेवटच्या परीक्षेचा शेवटचा पेपर मी पंधरा मिनिटं आधी सोडवून संपवला. काका, तिसऱ्या खेपेला पहिल्यांदाच वेळ उरला होता! मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. म्हटलं, एकदा नजर टाकावी. पंख्याचा आवाज येत होता, समोर आकडे होते, हात पाऊचमध्ये गेला आणि हिरवं पेन घेऊन बाहेर आला. मी सगळ्या बेरजा तपासल्या. सगळ्यांपुढे खुणा केल्या. चौथ्या प्रश्नात एक रक्कम मला पटेना, म्हणून समासात लिहिलं, ‘ही कुठून आली? खुलासा व्हावा.’ हा खुलासा मी माझ्याकडेच मागत होते. मग प्रत्येक पानाखाली सही केली, तारीख घातली, पेपर देऊन टाकला आणि अगदी समाधानाने जिना उतरले.

खाली प्रवेशपत्र पिशवीत ठेवताना ते उलटं झालं. मागच्या सूचना मी तीनही वेळा वाचलेल्या आहेत, पण तेव्हा सातवी सूचना एकदम मोठ्या अक्षरांत छापल्यासारखी दिसली. उत्तरपत्रिकेत निळ्या-काळ्याशिवाय शाई वापरू नये, आणि परीक्षार्थीची ओळख पटेल अशी सही किंवा खूण कुठेही करू नये. केल्यास सर्व पेपर रद्द होतील आणि दोन वर्षं बसता येणार नाही. मी एकेका पानावर ओळख पटवून आले होते, काका. तारखेसकट! तिथेच पायरीवर बसले.

तीन आठवडे मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मग परवा परीक्षा कार्यालयाचं पत्र आलं. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता समितीपुढे हजर राहून लेखी खुलासा द्यावा. (खुलासा! तोच शब्द.) पास झाले तर साहेब मला कायम करणार आहेत, आणि नाही झाले तर उमेदवारीची मुदत महिनाअखेर संपते. म्हणून धीर करून साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ही मुलीची सवय आहे, लबाडी नाही, एवढं दोन ओळींत लिहून द्या म्हटलं. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं. मग त्यांनी एकच विचारलं, “आणि ती चौथ्या प्रश्नातली रक्कम? कुठून आली होती?”

मी म्हटलं, खुलासा अजून आलेला नाही. तरी त्यांनी पत्र दिलं, देवमाणूसच. पण जन्मभर अहवाल लिहिणाऱ्याच्या हातून दुसरं काय उतरणार! पत्रात लिहिलंय की आमच्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे सदर मुलगी प्रामाणिक असावी; तथापि आम्ही परीक्षेच्या खोलीत हजर नसल्यामुळे तिथे घडलेल्या प्रकाराबद्दल कोणतंही मत देऊ शकत नाही; तसेच तिच्या सवयींची तपासणी आम्ही केवळ नमुन्यादाखल केलेली आहे. खाली सही, शिक्का. हे पत्र दाखवावं की लपवावं, तेच मला ठरवता येत नाहीये.

असो. बाकी सगळं ठीक. काकूंना नमस्कार. तुम्ही तब्येत सांभाळा.

तुमची,
धाकटी पुतणी

ता. क. आईने पाकिटावर परीक्षा कार्यालयाचं नाव वाचलं आणि मला कौतुकासाठी बोलावलंय असं धरून चालली आहे. गुरुवारी बरोबर येते म्हणते. नव्या चपला आणल्यात. मला खरं सांगवेना. तुम्ही काहीही कारण काढून तिला बुधवारीच तुमच्याकडे बोलावून घ्या. तुमचा शब्द ती मोडत नाही.

आणखी एक ता. क. झोप लागते, जेवण जातं, असं वर लिहिलंय ते खरं नाही. आईला बोलावण्याचं कामही मी फोनवर सांगू शकले असते. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. तुम्ही हीच परीक्षा पाच वेळा दिलीत आणि मग सोडलीत, हे बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही आवाज खाली करून. आपल्याकडे तो विषय निघाला की कोणीतरी उठून पाणी प्यायला जातं. मीही जात आले, त्याबद्दल माफ करा. मला धीर देऊ नका, सगळं चांगलं होईल असं लिहू नका. यापुढे बसायचं नाही असं ज्या दिवशी ठरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही काय केलंत, तेवढंच सांगा. मी गुरुवारी साडेआठला घरातून निघते. त्याआधी कळवा, एक ओळ पुरे.