आईच्या अंगठ्याची शाई

चि. कल्याण,

आज एकतीस डिसेंबर. सावेडीत बसून तू फॅमिली ग्रुपवर घरचे जुने फोटो टाकलेस आणि खाली लिहिलंस, 'सरत्या वर्षात आईची फार आठवण येते.' सगळे रडले. मी शेवटचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

आई खाटेवर बसून बशीतून चहा पितेय. ती गेली त्याच्या दोन दिवस आधीचा, असं तूच लिहिलंयस. तिच्या अंगठ्याला निळी शाई आहे.

आई साठीत सही शिकली होती. बँकेत कुणी शाईचं पॅड पुढं केलं की फणकारायची, "मी काय अंगठाछाप हाय व्हय?"

हात थरथरत होता, सही जमेना म्हणून अंगठा घेतला, म्हणशील. पण बशी काठोकाठ भरलीय आणि पांढऱ्या चादरीवर एक थेंब नाही.

गावची जमीन तिनं राजीखुशीनं तुला बक्षीसपत्र करून दिली, असं तू म्हणालास. मी तो कागद कधी पाहायला मागितला नाही.

हे पत्र धाडणार नाही. उद्या रजिस्ट्री कचेरीतून त्या कागदाची नक्कल काढणार आहे. तोवर तुला संशय नको, म्हणून तुझ्या फोटोखाली मीही लाल बदाम टाकलाय.

तुझी राजूताई
राहाता