गोळीतच खोट होती

३ जुलै, सकाळ
आजपासून टेस्ट. ठरलं म्हणजे ठरलं.
मे महिन्यात रानरेड्यावर झाडलेली गोळी आत जाऊन फुटली, तिचे तुकडे झाले, म्हणून ती खोल गेली नाही. म्हणून रेडा पडला नाही आणि उलटून रिसिमातीच्या अंगावर गेला. माझा नेम बरोबर होता. खांद्याच्या मागे, चार बोटं. सव्वीस वर्षं रिसिमाती माझ्यापुढे माग काढत चाललाय. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला तो कंपनीच्या गोळीमुळे. रेडा नदी ओलांडून अभयारण्यात गेला, त्यामुळे पुरावा नाही. पुरावा मी तयार करणार.
कंपनीला नऊ पानी पत्र लिहायचं. ‘महोदय’ लिहून झालं.

५ जुलै
लाकडी पेटी केली. सव्वा मीटर लांब. आत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठासून भरायचे. भिजका कागद मांसासारखा वागतो. एल्सबेने चर्चच्या बायकांकडून रद्दी आणली. धिप्पाड सासरे गेल्यापासून न्हाणीतला टब इतका भरला नव्हता, असं म्हणाली. बायकोला विज्ञानाचं गांभीर्य नाही. पण कागद तिनेच भिजवले.

७ जुलै
पहिला बार. चारशे अठ्ठावन्नची बंदूक, पाचशे ग्रेन वजनाची मऊ टोकाची गोळी, पन्नास पावलांवरून. अपेक्षा : वीस सेंटीमीटर आणि भुगा.
निकाल : एक्कावन्न सेंटीमीटर. टोक अळंबीसारखं गोल फुललेलं. तुकडा एकही नाही.
कारण : कागद जास्त भिजला होता.
मध्यावर नेम धरला होता, भोक खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. पेटी सरकली असणार.

१० जुलै
कागद कमी भिजवला. सत्तेचाळीस सेंटीमीटर. पुन्हा अळंबी. रविवारच्या पुरवण्यांचा कागद गुळगुळीत असतो, त्यामुळे गोळी घसरते.
दुसरा बार पेटीला लागला नाही. मागच्या मातीच्या ढिगाला लागला. वारा.
खांदा काळानिळा. या बंदुकीचा दणका म्हणजे खेचराची लाथ. मला त्याचं काही वाटत नाही. पन्नास वर्षांची सवय आहे. फक्त बार काढण्याआधी घसा कोरडा पडतो, पण तो आमच्या इकडच्या जुलैतल्या हिवाळ्यामुळे.

१३ जुलै, गुरुवार
एल्सबे सूप घेऊन रिसिमातीकडे गेली. दर गुरुवारी जाते. तुम्ही येताय का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, रिपोर्ट हातात आला की येतो, रिकाम्या हाताने काय यायचं. ती म्हणाली, हात रिकामा असला तर हातात हात देता येतो. सूप सांडेल म्हणून वाद वाढवला नाही.

१९ जुलै
शेजारच्या शेतावरच्या वेस्सेलकडून गोळीचा वेग मोजायचं यंत्र आणलं. आता आकडे बोलतील.

१९ जुलै, दुपार
यंत्र गोळीच्या वाटेत आलं.

२० जुलै
वेस्सेल यंत्राचे तुकडे न्यायला आला. चाळिशीचा आहे, पण बोलण्याला वळण आहे. काका, गोळी यंत्राच्या वरून एक वीत जायला हवी, यंत्रातून नाही, असं हळूच म्हणाला. मी म्हटलं, तिपाईचे पाय तुझेच वाकडे. तो हो म्हणाला. मग बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिला.
पत्र : दुसरं वाक्य सुचत नाहीये.

२ ऑगस्ट
आतापर्यंत अकरा बार. पेटीत चार. चारही अळंब्या, चारही पन्नासच्या आसपास. खिडकीत ओळीने मांडल्यात. एकसारख्या इतक्या, की संशय यावा. कंपनीने मे महिन्यानंतर गुपचूप गोळी सुधारली असणार. म्हणजे त्यांना खोट माहीत होती! हे पत्रात घालायचं.
आज गुरुवार नाही, तरी एल्सबे रिसिमातीकडे गेली. प्लास्टर निघालंय म्हणे. गुडघा पूर्ण वाकत नाही. सप्टेंबरच्या शिकारीला माझ्याबरोबर येणार का, असं विचारायला मी सांगितलं होतं. तिने विचारलंच नाही. तुमचं तुम्ही विचारा, म्हणाली.

६ ऑगस्ट
वेस्सेल मदतीला आला. काका, तुमचा खांदा दुखतोय, बंदूक मी भरून देतो, तुम्ही फक्त नेम धरा, म्हणाला. दोन बार झाले. एक पेटीत, एक मातीत. तिसऱ्याला त्याने बंदूक दिली, मी चाप ओढला.
बार झालाच नाही. नुसतं टिक.
त्याने काडतूस भरलंच नव्हतं.
दणका नाही, आवाज नाही, तरी नळी वीतभर खाली गेली. खांदा मागे गेला. डोळे गच्च मिटलेले, ते उघडले तेव्हा एल्सबे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
काका, होतं असं, मोठी बंदूक झाडणाऱ्या पुष्कळांचं होतं, वेस्सेल म्हणाला.
मी म्हटलं, माशी होती.

९ ऑगस्ट
माशी नव्हती.

१४ ऑगस्ट
रिसिमातीकडे गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली. तो ओट्यावर पाय लांब करून शेंगा सोलत होता. खुर्ची पुढे ढकलली. पाठ केलेलं काही आठवेना.
मी म्हटलं, गोळी चांगली होती.
तो म्हणाला, होतीच की.
मी म्हटलं, म्हणजे मग नेम.
तो म्हणाला, साहेब, मी तुमच्या डाव्या हाताला दहा पावलांवर उभा होतो. तुमचे डोळे मिटलेले मी पाहिले. गोळी पार मागे, पोटात लागली. दवाखान्यात पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं मी.
बाई म्हणजे एल्सबे. म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि ती कागद भिजवत होती.
मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.
त्याने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाला, तुम्ही आलात कुठे?
त्याच्या बायकोने चहा दिला, साखर फार होती. दुसरा कपही घेतला. मग एक टोपली माझ्याकडे ओढली आणि अंधार पडेपर्यंत शेंगा सोलल्या.