बैलावरची पार्वती

पेडगाव, ता. परभणी
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

ती. सरजाअक्कास दत्तूचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस, याबद्दल आधी आभार. फोन तू उचलत नाहीस. नागेशच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकताच बंद करतेस. शेवटी अकरा वर्षांनी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंना वाटलं, गुरुजी पेन्शनचंच काहीतरी विचारायला आलेत.

इकडे खुशाल आहे. सोयाबीन शेंगांवर आलंय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता सगळं स्वच्छ दिसतं, आरशातलं तोंडसुद्धा. सूनबाई बबिता गुणाची आहे, पण माझी तपकीर लपवून ठेवते, म्हणून तिचे गुण मी कमीच सांगतो. नागेशच्या लग्नाला तू आली नाहीस, तेव्हा तू तिला पाहिलेलंच नाहीस.

शुक्रवारच्या पोळ्याची गंमत ऐक. आई गेली त्याच वर्षी ट्रॅक्टर आला, तेव्हापासून आपल्या गोठ्यात बैल नाहीत. पण शेजारच्या गोपाळला एक झूल कमी पडली, म्हणून बबितानं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आपली जुनी झूल अंगणात झटकली, तर आतून काहीतरी टणकन पडलं. तपकिरीचा असा लोट उठला की नागेश, बबिता, गोपाळ आणि सजवलेले दोन्ही बैल शिंकायला लागले. एक बैल तर बाशिंगासकट बोळात पळाला.

पडली होती आपली सोन्याची डबी.

"मामा, ही कोनाची?" बबितानं विचारलं. मग तिला सगळा इतिहास सांगावा लागला. निजामाच्या तालुकदाराची मोटार आपल्या काळ्या चिखलात रुतली, पणजोबांच्या बैलजोडीनं ती ओढून काढली आणि साहेबानं खूश होऊन खिशातली डबी बक्षीस दिली. झाकणावर बैलावर बसलेली बाई. आपल्या लोकांनी ठरवून टाकलं, नंदीवर पार्वती. तेव्हापासून डबी देवघरात, आत कुंकू, आणि पोळ्याला त्याच कुंकवाचं बोट मानाच्या बैलाला.

"मंग आत तपकीर कुनी भरली?"

घरात तपकीर ओढणारा एकच. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

हो अक्का, मीच. आईच्या शेवटच्या पोळ्याला, बैलाला बोट लावून झाल्यावर, पाहुण्यांपुढं मिरवायला म्हणून, कुंकू कागदात काढून तपकीर भरली. तेवढ्यात आई गोठ्याकडं आली आणि मी डबी झुलीच्या घडीत सारली. पुढं पाहुणे, पुरणपोळ्या, गडबड. कुठं ठेवली तेच डोक्यातून गेलं. नंतर आईच्या नकळत वैरण उपसली, गव्हाण धुंडाळली, झुलीची पेटी काही सुचली नाही.

शनिवारी डबी बुद्धभूषणला दाखवली. माझा विद्यार्थी, आता परभणीला कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यानं भिंग लावलं आणि हसायलाच लागला. "गुरुजी, ही पार्वती न्हाई. युनानी म्हंजे ग्रीक लोकांच्या पुराणातली राजकन्या हाय, युरोपा. तिकडचा मोठा देव बैल होऊन हिला समुद्रातनं पळवून न्यायलाय. खाली लाटा बघा, मासे बघा. आन डबी तपकिरीचीच हाय."

मला तू आठवलीस. पार्वतीच्या पायाखाली मासे कशाला आणि ती भेदरलेली का, असं तू आईला विचारायचीस, आणि आई तुला देवघरातून उठवायची.

म्हणजे चार पिढ्यांत ती डबी नीट वापरणारा मीच एकटा निघालो. एक पाप धुतलं गेलं, म्हणून मी खुशीत बसमध्ये बसलो. पेडगाव येईपर्यंत खुशी उतरली. दुसरं पाप होतंच.

अकरा वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला देवघर आवरताना डबी मिळेना. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, लेकीची पिशवी बघा. ती मी बघितली. सगळ्यांसमोर. आईचं एक लुगडं आणि तुझ्या बीपीच्या गोळ्या निघाल्या. तू सगळं परत भरलंस आणि पाथरीच्या बसला गेलीस. लोक म्हणत राहिले, आधीच पोचती केली असेल. मी कुणाचं तोंड धरलं नाही.

रविवारी भावकीला मारुतीच्या पारावर बोलावून सगळं सांगितलं, तपकिरीसकट. वाटलं होतं, शिव्या पडतील. गोपाळनं एवढंच विचारलं, "अक्काला सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग आमाला काहून सांगायलाव?"

म्हणून हे पत्र. पुढच्या शुक्रवारी, पाच तारखेला, सकाळच्या बसनं पाथरीला येतोय. डबी घेऊन. ती तुझ्याकडंच राहील. पूजा कर, नाहीतर दाजींना तपकिरीला दे. दार उघडलंस तर चहा घेईन. नाही उघडलंस तर ओट्यावर घटकाभर बसून परत जाईन आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईन. रिटायर माणसाला दुसरं काम काय.

एक वाक्य मघापासून टाळतोय, ते लिहितो आणि पाकीट बंद करतो. तुझ्या पिशवीत हात घातला, तेव्हा डबी तिथं नाही हे मला माहीत होतं.

तू म्हणशील तर तुझा भाऊ,
दत्तू